टाकीतलं दुधाळ पाणी

टाकीतलं पाणी पहिल्यांदा दुधाळ झालं तेव्हा निशिगंधाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. मारेगावच्या हायस्कुलात ती विज्ञान शिकवायची. प्रयोग फसला की पोरांना ती नेहमी म्हणायची, आधी आपण काय केलं ते आठवा, मग परीक्षानळीला दोष द्या. तेच तिनं स्वतःला सांगितलं आणि काचेला नाक लावून टाकीपुढं बसली.

चार फुटी टाकी समोरच्या खोलीत भिंतीला लागून होती. आत बाभळीचं एक वाकडं खोड, त्याला बांधलेलं जावा फर्न नावाचं पाणझाड, मागं पट्ट्यांसारखं लांब उंच गवत, पुढं बारीक पानांची हिरवळ आणि त्यातून फिरणारे निळ्या-लाल रेघेचे छोटे मासे. टाकी घ्यायची कल्पना तिची, पण ती उभी राहिली पुंडलिकरावांमुळं. पुंडलिकराव तिचे सासरे; ती त्यांना मामाजी म्हणायची. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्या आणि घर एकदम मुकं झालं, तेव्हा तेच म्हणाले होते, "बाई, तुले मासोळ्याचा शौक हाये ना? मोठी टाकी आण. घरात काई हलतं-डुलतं त पाह्यजे." ते खोड त्यांनीच वर्धा नदीच्या काठावरून सायकलला बांधून आणलं होतं आणि रंग सुटू नये म्हणून दोन दिवस अंगणातल्या चुलीवर उकळलं होतं. निशिगंधाला वडील नव्हते. तिला मनातून वाटायचं, मामाजी म्हणजे आपल्याला उशिरानं मिळालेला बाप.

नवरा नयन खतांच्या कंपनीत होता. दिवसभर मोटरसायकलवर तालुका पालथा घालायचा. त्याला टाकीचं फार कौतुक नव्हतं आणि फार तक्रारही नव्हती.

टाकीचे फोटो निशिगंधा मोबाईलवर टाकायची. ते पाहून एकदा नागपूरहून प्रेरणा नावाच्या बाईंचा फोन आला. दवाखाने, हॉटेलं, मोठी घरं अशा ठिकाणी पाण्याखालच्या बागा लावून देण्याचा त्यांचा व्यवसाय होता. रचना करणारं माणूस त्यांना हवं होतं. "फोटोत सगळ्यांच्याच टाक्या सुंदर दिसतात," त्या म्हणाल्या. "मला तुमची प्रत्यक्ष पाहायची आहे. जमलं तर नागपूरला यावं लागेल, कायमचं."

निशिगंधानं जेवताना ही गोष्ट सांगितली तेव्हा नयन म्हणाला, "पाहू. कंपनीची बदली मांगता येते नागपूरले." पुंडलिकरावांचा घास क्षणभर थांबला. मग ते म्हणाले, "जा पोरी. तुहं नाव होऊ दे. मास्तरणी त गावोगावी असतात."

तिनं ते मनापासून ऐकलं.

अडचण एकच होती, पाणी. टाकीला मागं टांगलेला फिल्टर लहान होता आणि झाडं, मासे वाढत गेल्यावर तो पुरेना. पाणी पांढुरकं व्हायचं, तांदळाचं धुवण टाकल्यासारखं. घाबरून तिनं पाणी बदललं, तर दोन दिवसांनी आणखी पांढरं. मग तिनं वाचलं, विचारलं, आणि तिच्या लक्षात आलं की ही माती नाही की शेवाळही नाही. हे पाण्यात मोकळे वाढलेले जिवाणू. त्यांना बसायला जागा हवी. फिल्टरनं नुसता कचरा अडवून भागत नाही. त्याच्या पोटात चांगल्या जिवाणूंची वस्ती व्हावी लागते, म्हणजे माशांची घाण ते खाऊन टाकतात. त्या वस्तीला वेळ लागतो आणि पाणी सतत वाहतं लागतं.

"म्हंजे रेडिएटर लहान अन् इंजिन मोठं," पुंडलिकराव म्हणाले. "मोठा फिल्टर बनवू आपण. बाजारातला कायले पाह्यजे?"

दोन रविवार अंगणात काम चाललं. घट्ट झाकणाचा निळा ड्रम, त्याला दोन नळ, पाईप, रबरी वायसर. पुंडलिकरावांनी चष्मा कपाळावर चढवून भोकं पाडली, सांधे बसवले, ड्रममध्ये पाणी भरून थेंब गळतो का ते बोट फिरवून पाहिलं. तिनं आत थर लावले, खाली जाडा स्पंज, मग बारीक, वर पोकळ सिरॅमिकच्या रिंगा. जुन्या फिल्टरमधला स्पंजही तिनं न धुता तसाच आत ठेवला, विरजण लावल्यासारखा. पंप सुरू झाला तेव्हा त्याचा आवाज इतका हलका होता की पुंडलिकराव ड्रमला कान लावून बसले. "अशी चालली पाह्यजे गाडी," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. शेजारच्या इंदूबाई कुंपणावरून पाहत होत्या. त्या निशिगंधाला म्हणाल्या, "बाई, माह्या सासऱ्यानं मले कधी पाण्याचा गिलासबी भरून नाई देल्ला. नशीब काढलं तू."

काही दिवसांतच पाणी निवळत गेलं. आधी मागची झाडं स्पष्ट दिसू लागली, मग मासे हवेत टांगल्यासारखे दिसू लागले. पाणी आहे की नाही असा प्रश्न पडावा इतकं स्वच्छ. निशिगंधानं प्रेरणाबाईंना फोन केला आणि दिवस ठरवला.

आणि त्याच आठवड्यात पाणी पुन्हा दुधाळ झालं.

तिनं खाणं कमी केलं. कुजकी पानं काढली. ड्रम उघडला तर आतून सडक्या अंड्यासारखा वास आला. तिला नवल वाटलं. वाहत्या पाण्याला असा वास येत नाही, साचलेल्या पाण्याला येतो. "लाईट जात असंन दुपारची," पुंडलिकराव म्हणाले. ते पटण्यासारखं होतं. तिनं पंपाची वायर इन्व्हर्टरवर घेतली, रिंगा टाकीच्याच पाण्यात खंगाळल्या, पुन्हा थर लावले. तरी वास यायचाच. मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले आणि मग मरू लागले. रोज शाळेतून आल्यावर एखादा तरंगताना दिसायचा. पुंडलिकराव कढीपत्त्याच्या झाडाखाली खुरप्यानं खड्डा करायचे आणि तिच्या हातातून मासा घेऊन त्यात ठेवायचे. "रडू नको पोरी. जीव हाये, जातो," असं म्हणून माती लोटायचे.

प्रेरणाबाई आल्या त्या दिवशी टाकीत पातळ ताक भरल्यासारखं दिसत होतं. खोडाची नुसती सावली दिसत होती. त्यांनी चहा घेतला आणि चांगुलपणानं बोलल्या, पण जाताना दारात म्हणाल्या, "मांडणी तुम्हाला येते. पण लोकांच्या घरात टाकी लावून द्यायची म्हणजे पाणी आधी सांभाळता यायला हवं. दिवाळीनंतर पुन्हा पाहू. तोवर मी माणूस शोधतेच आहे, हे मात्र सांगून ठेवते."

त्या गेल्यावर निशिगंधा स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडली. पुंडलिकरावांनी तिला पाणी आणून दिलं. डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "होत नाई एखाद्याले एखादी गोष्ट. तू कायले मनाले लावून घेतं?" त्या हाताचा तिला आधार वाटला होता. पुढं सगळं कळल्यावर कित्येक दिवस तिच्या मनाला सगळ्यात जास्त लागत राहिला तो हाच आधार.

दिवाळीच्या सुट्या लागल्या. निशिगंधा घरी होती. फराळ, साफसफाई, पाहुणे. टाकीकडं तिनं मुद्दाम दुर्लक्ष केलं. नवीन काही टाकलं नाही, काढलं नाही. आणि पाणी आपोआप निवळलं. सुट्या संपता संपता ते पुन्हा तसंच झालं, नसल्यासारखं. उरलेले मासे रंगले. तिनं आनंदानं प्रेरणाबाईंना कळवलं.

शाळा उघडली आणि आठवडा भरायच्या आत टाकी पांढरी.

त्या दिवशी नववीच्या वर्गात ती फळ्यावर लिहीत होती. प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, म्हणजे कारण सापडतं. लिहिता लिहिता तिचा खडू थांबला. सुट्यांमध्ये टाकीचं काय बदललं होतं? पाणी तेच, खाणं तेच, ड्रम तोच. बदललं होतं ते एकच. ती दिवसभर घरी होती.

तिला स्वतःचीच लाज वाटली. घरात दुपारी असतं कोण? तिनं तो विचार झटकला, वर्ग पुरा केला. पण मधल्या सुटीत ती मुख्याध्यापकांना डोकं दुखतं म्हणून सांगून निघाली. स्कूटी तिनं इंदूबाईंच्या दारात लावली आणि मागच्या अंगणातून घरात शिरली. असं चोरासारखं आपल्याच घरात शिरताना तिनं चपला हातात घेतल्या होत्या. मनात एकच होतं, पंपाचा तो हलका आवाज येऊ दे, म्हणजे आयुष्यभर मामाजींची मनातल्या मनात माफी मागेन.

पंपाचा आवाज नव्हता. डोक्यावरचा पंखा फिरत होता, टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. पुंडलिकराव खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. त्यांच्यामागं भिंतीवर पंपाचं बटण होतं. बंद.

ती दारात उभी राहिली. त्यांचं लक्ष गेलं तेव्हा ते हडबडले. शेंगांची ताटली सांडली. आणि पहिली गोष्ट त्यांनी केली ती ही की उठून हात मागं नेला आणि बटण दाबलं. ड्रममध्ये बुडबुडा आला, आणि सकाळपासून आत सडलेलं पाणी नळीतून टाकीत पडू लागलं. पिवळट, धुरासारखं.

"आताच लाईट आली, बाई," ते म्हणाले.

"पंखा आधीपासून चालू आहे, मामाजी. अन् पंप तर इन्व्हर्टरवर आहे."

तिनं पुढं होऊन टीव्ही बंद केला.

"रोज करता?"

पुंडलिकरावांनी खाली बसून शेंगा गोळा करायला सुरुवात केली. एकेक शेंग उचलून ताटलीत टाकत होते.

"तू गेली का बंद करतो. तू यायच्या आधी चालू करतो," ते खालीच पाहत म्हणाले.

"काहून?"

"फिल्टर म्या मनापासून बनवला होता, पोरी. खोटं नाई सांगत. मले वाटलं नव्हतं का असा चालंन. मंग तो चालला. पाणी असं झालं, निरा आरसा. तू फोन लावला त्या बाईले. तवा मले समजलं का आता तुमी जाता. धाकटा पोरगा पुण्यात. तुही सासू गेली. मी ह्या घरात कोनासंग बोलू?"

"मग तसं म्हणायचं होतं ना! जाऊ नको म्हणाले असते तर मी विचार केला असता. तुमच्यासाठी केला असता."

"कसं म्हणू? लोक म्हणतीन, बुढ्यानं सुनेचे पाय बांधले."

निशिगंधाचा आवाज आतापर्यंत हळू होता. आता तो चढला. "अन् मासे? रोज एक मासा माझ्या हातातून घेऊन पुरत होते तुम्ही. माझ्या डोक्यावर हात ठेवत होते. मी वेड्यासारखी रिंगा धुवत होते. मला काही येत नाही असं म्हणून रडत होते, अन् तुम्ही पाणी आणून देत होते!"

पुंडलिकराव रडू लागले. म्हातारा माणूस जमिनीवर बसून, हातात शेंग धरून रडत होता. कुणाचंही काळीज हललं असतं. तिचंही हललं, पण तिनं त्याला हलू दिलं नाही. ती टाकीपाशी गेली, नळीचं तोंड टाकीतून काढून बादलीत सोडलं आणि सडकं पाणी वाहून जाईपर्यंत तिथंच उभी राहिली.

संध्याकाळी नयन आला. ती खोलीत वाट पाहत होती. तिनं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं तो चिडेल, निदान विश्वास ठेवणार नाही. तो बुटाची नाडी सोडत राहिला.

"बाबा म्हातारे झाले, निशा. मनावर नको घेऊ."

त्या बोलण्यात नवल नव्हतं. धक्का नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं?"

नयननं बूट बाजूला ठेवला. "एकदा दुपारी जेवायले आलतो. पाह्यलं. मी बोललो त्यायले, बाबा असं नका करू म्हणून."

"कधी?"

"त्या मॅडम यायच्या आधी."

"आधी," ती म्हणाली.

"तुले सांगतलं असतं त घरात भांडण झालं असतं. मले वाटलं, ते असं करनं सोडतीन. अन् खरं सांगू का? नागपूरले जायचं मलेबी काई फार नव्हतं. इथं सगळा माल माह्या ओळखीवर खपते. तिथं कोन ओळखते मले?" तो थोडं हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "मासोळ्याच त होत्या."

दुपारी सासऱ्यांपुढं ती ओरडली होती. नवऱ्यावर तिला ओरडावंसंही वाटेना. सासऱ्यांनी जे केलं ते एकटेपणाच्या भीतीनं केलं, हे तिला निदान समजत होतं. हा माणूस तिच्यासोबत एका ताटाला बसत होता, टाकीपुढं ती हताश होऊन बसायची तेव्हा मागून "चहा ठेव ना" म्हणत होता, आणि त्याला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य सांगितलं असतं तर पुरे होतं. त्याला त्या वाक्याचा कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी तिनं मुख्याध्यापकांना विचारलं आणि शाळेच्या प्रयोगशाळेत एक भक्कम टेबल मागून घेतलं. टाकी हलवायला शाळेचा शिपाई सोनू आणि त्याचा भाऊ आले. झाडं ओल्या गोणपाटात, मासे बादलीत, आणि ड्रममधल्या रिंगा तिनं पाण्यासकट डब्यात भरून स्वतःच्या मांडीवर घेऊन ऑटोत नेल्या. पुंडलिकराव अंगणात उभे होते. "सांधे जपून खोलजो, वायसर तुटतीन," एवढंच ते म्हणाले. तिनं सांधे जपून खोलले. ड्रम त्यांनीच बनवलेला होता आणि उत्तम होता. प्रेरणाबाई पुन्हा यायच्या होत्या, दुसरा करण्याइतका वेळही नव्हता.

प्रयोगशाळेत तिनं सगळं नव्यानं मांडलं. पंप चालू झाला आणि चालूच राहिला. मुलं मधल्या सुटीत येऊन पाहायची. सुरुवातीला पाणी पांढरं होतं. तिनं कशालाच हात लावला नाही. रिंगांवरची वस्ती पुन्हा बसायला दिवस लागणार होते आणि ते तिनं जाऊ दिले. पांढरेपणा पातळ होत गेला आणि एका सकाळी तिनं कुलूप काढलं तेव्हा टाकीच्या पलीकडच्या भिंतीवरचा तक्ता वाचता येत होता.

प्रेरणाबाई शाळेतच येऊन पाहून गेल्या. ड्रम त्यांनी उघडून पाहिला, रिंगा हातात घेऊन वास घेतला आणि मान डोलावली. "आधी काय झालं होतं?" त्यांनी विचारलं. "पंप बंद राहत होता," निशिगंधा म्हणाली. त्याहून जास्त काही तिला त्यांना सांगावंसं वाटलं नाही.

काम मिळालं. वार्षिक परीक्षा संपल्यावर यायचं ठरलं.

त्यानंतर एकदा पुंडलिकराव शाळेत आले. धुतलेलं धोतर, टोपी. सोनूनं त्यांना प्रयोगशाळेत आणून सोडलं. निशिगंधानं खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. ते बराच वेळ टाकीकडं पाहत राहिले. नव्या माशांचा थवा खोडाखालून निघून गवतात शिरला.

"साफ झालं," ते म्हणाले.

"हो. इथं कोणी बंद करत नाही."

मग जायला उठताना म्हणाले, "पोरी, मले माफ करता येईन का?"

तिनं खरं तेच सांगितलं. "नाही माहीत, मामाजी. तुम्ही आजारी पडले तर मी येईन. औषधपाण्याला कमी पडू देणार नाही. पण तुम्ही डोक्यावर हात ठेवला तर आता मला भीती वाटेल."

ते मान हलवून निघून गेले. फाटकापर्यंत ती त्यांच्यासोबत गेली, रस्ता ओलांडेपर्यंत थांबली, कारण त्यांना उन्हात नीट दिसत नसे.

एप्रिलमध्ये ती नागपूरला गेली. नयननं बदलीचा अर्ज करतो असं दोनदा सांगितलं. तिनं एकदाही विचारलं नाही की केला का. बसमध्ये सामान चढवून देताना तो म्हणाला, "घर घेशीन त दोघांच्या हिशोबानं घेजो."

"तुमचं तुम्ही आधी ठरवा," ती म्हणाली. "अन् या वेळेस जे ठरवाल ते मला सांगा."

बस वरोऱ्याच्या दिशेनं निघाली. तिला एकटीला खिडकीची जागा मिळाली होती. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. राग मात्र होता तसाच होता, आणि तो तिनं सोबत घेतला.